जिन्यावरचा शिंपी

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून पोटात गोळा आला असेल तर तो आधी खाली ठेव. मी धडधाकट आहे, कुणाशी भांडलो नाही, कुठे अडकलो नाही, आणि नोकरीही शाबूत आहे, म्हणजे ही ओळ लिहीपर्यंत तरी आहे. आयुष्यातलं हे माझं पहिलं पत्र. शाळेत एकदा ‘मामास पत्र लिहा’ असं आलं होतं, तेव्हा मी ‘तू कसा आहेस, मी बरा आहे’ एवढं लिहून उरलेल्या पानावर मामाचं जहाज काढलं होतं. बाईंनी पत्राला शून्य आणि जहाजाला दोन मार्क दिले. तेव्हा सांभाळून घे. कागदही पाठकोरा आहे, ऑफिसातला. पलीकडच्या बाजूला छापलेलं वाचू नकोस. म्हणजे वाचलंस तरी चालेल, त्याबद्दल पुढे येणारच आहे.

फोन का नाही केला, तर इथे दारातच फोन काढून घेऊन कुलुपात ठेवतात. पण ते काही खरं कारण नाही, संध्याकाळी फोन परत मिळतो. खरं कारण असं की फोनवर तू बोलायला लागलीस की मी लगेच सहा वर्षांचा होतो. रविवारी तेच झालं. तू म्हणालीस, एक छोटीशी गाठ आहे, पुढच्या गुरुवारी काढून टाकतायत, किरकोळ काम आहे, तू मुळीच येऊ नकोस, जन्मात पहिल्यांदा एका जागी टिकलायस तर टिक. आणि मी काय म्हणालो? ‘बरं.’ वर तुलाच विचारलं की सदऱ्यावरचा शाईचा डाग कशाने जातो. तूही सांगितलंस, लिंबू आणि मीठ. डाग गेला. ते ‘बरं’ मात्र चार दिवस घशात अडकून बसलंय. यावं की येऊ नये, प्रश्न एवढाच आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायला मला आधी तुला गेमची गोष्ट सांगावी लागणार आहे, आणि ती कुणालाही सांगणार नाही अशी मी तीन पानांवर सही केलीये. सही मोडतोय. फार सुंदर सही होती तशीही नाही.

ताई, ‘चौदावी पायरी’चा आठवा भाग येतोय! बारा वर्षांनी! आणि तो दुकानात यायच्या आधी जी सहा माणसं तो खेळतायत त्यांत तुझा भाऊ आहे. तुला मी ‘कॉम्प्युटरवर तपासणीचं काम’ म्हणून सांगितलं होतं ते हे. तंबू उभारायचं काम संपलं होतं (त्याआधी फेरीबोटीवरचं का सुटलं ते पुन्हा कधीतरी, त्यात एक बकरी आहे), मी बस-स्टँडवर पाटी वाचली, ‘भीतिदायक खेळांची आवड असलेले हवेत’, आणि आत शिरलो. टेबलापलीकडे एक बाई थर्मास घेऊन बसली होती. तिचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, मी तिला मनात थर्मासबाई म्हणतो. तिने विचारलं, ‘या मालिकेचे किती भाग खेळलास?’ मी म्हटलं, ‘सातही. शेवटपर्यंत.’ ती म्हणाली, ‘दहावी झालीये का?’ मी म्हटलं, ‘त्यापेक्षा हे अवघड होतं.’ ती हसली आणि मला घेतलं.

आता तुला तर माहीतच आहे. मी सात काय, अर्धासुद्धा खेळलेलो नाही. मामाने जहाजावरून तो खेळायचा डबा आणला तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तू जमिनीवर मांडी घालून रिमोट धरायचीस आणि मी तुझ्या मागे, कपाळ तुझ्या पाठीला टेकवून. जिना यायचा, आपण दोघं मोठ्याने पायऱ्या मोजायचो, चढताना तेरा, उतरताना चौदा, आणि ती जास्तीची पायरी आली की तू म्हणायचीस ‘मीट’. मी डोळे घट्ट मिटायचो. मग तू मला सांगत राहायचीस आत काय चाललंय ते, आणि सगळं निवळलं की ‘उघड’. असे आपण तीन भाग संपवले. पुढचे चार मी कुणाकुणाच्या खोल्यांवर, कुणाकुणाच्या मागे बसून बघितले, आणि तिथेही सवयीने नेमके त्याच जागी मिटले. म्हणजे मालिकेचा मी मोठा भक्त, पण देवळात फक्त चपला सांभाळलेला.

कामाची पद्धत ऐक, तुला आवडेल. इथे गेम जिंकायचा नसतो. रोज एक खोली वाटून देतात आणि तिच्या प्रत्येक भिंतीला खांदा घासत चालायचं, दर वीतभर. प्रत्येक खुर्चीवर चढायचं, प्रत्येक दार चाळीस वेळा उघडायचं. कुठे भिंतीतून आरपार जाता आलं, कुठे आवाज आला आणि वस्तू नाही, की ती चूक या फॉर्मवर लिहायची. दोन रकाने आहेत बघ मागे: ‘काय व्हायला हवं होतं’ आणि ‘प्रत्यक्षात काय झालं’. माझ्या शेजारी एक लांब मानेचा मुलगा बसतो, त्याला सगळे उंट म्हणतात आणि तो ओ देतो. पहिल्या दिवशी मी रिमोट उलटा धरला तर तो म्हणाला, ‘सातही भाग ना? बहुतेक पायाने खेळला असशील.’

पण ताई, तो आठवा भाग! कसं सांगू. आपण खेळायचो तेव्हा माणसांना बोटं नसायची, हात म्हणजे एक ठोकळा. आणि आता सुरुवातीलाच एक बाई कोट घालून एका बंद इमारतीच्या दारात उभी असते. दाराला पितळी मूठ आहे. ती मूठ जिथे लोकांनी वर्षानुवर्षं धरली असेल तिथे तिचा रंग उडून खालचं पिवळं दिसतं. कोण बघणार आहे ते? लोक तर दार उघडून आत पळणार. तरी कुणीतरी बसून तेवढी जागा घासलीये. मी पहिल्या दिवशी अर्धा तास त्या मुठीपाशीच उभा होतो. थर्मासबाई मागून म्हणाली, ‘अडकलास का?’ मी म्हटलं, ‘नाही, बघतोय.’ आत जिन्याच्या कठड्यावर धूळ आहे. हात फिरवला की धुळीत चार बोटांच्या रेघा उमटतात. वर जाऊन परत खाली आलं की त्या रेघांशेजारी दुसऱ्या कुणाच्यातरी रेघा असतात. सहा बोटांच्या. कुणी ओरडत नाही, काही अंगावर येत नाही, फक्त त्या रेघा. माझ्या हाताला असा घाम आला की रिमोट निसटून उंटाच्या पायावर पडला. पण मी डोळे मिटले नाहीत. मिटून चालणारच नव्हतं, पाच वाजता फॉर्म द्यायचा होता. आणि मिटले नाहीत म्हणून मला पहिल्यांदाच कळलं की ही गोष्ट किती देखणी आहे. देवळाच्या गाभाऱ्यात अंधाराची सवय झाल्यावर मूर्ती हळूहळू दिसायला लागते ना, तसं. भीती वाटत होती आणि हात जोडावेसेही वाटत होते.

मग मला सहाव्या मजल्याचा जिना वाटून आला. तेरा पायऱ्या चढलो. उतरलो, चौदावी लागली. आणि खालच्या वळणावरून तो आवाज आला. कच... कच... कच. ताई, मला एवढं बरं वाटलं! सगळं अंग सैल पडलं. मी रिमोट मांडीवर ठेवला आणि खुर्चीत मागे रेललो. उंटाने विचारलं, ‘पळत का नाहीस?’ मी म्हटलं, ‘कशाला? शिंपी येतोय.’

आपला शिंपी गं. जिन्याच्या वळणावर बसणारा, तोंडात टाचण्या धरल्यामुळे बोबडं बोलणारा. तो कात्री चालवायचा त्याचाच तो आवाज. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून म्हणायचा, ‘हात वर करा, माप घेतो.’ मागे जो लागलेला असायचा त्याला म्हणे एक कोट शिवून हवा होता, पण त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब, त्यामुळे बाही दर वेळी चुकायची आणि माप पुन्हा घ्यावं लागायचं. तेवढ्यात आपली खेळातली मुलगी निसटायची. तो मागे लागणारा वाईट नव्हताच. उघडा होता बिचारा, थंडी वाजायची म्हणून ओरडायचा. शिंप्याचं त्याच्या बायकोशी काजांवरून भांडण होतं, काज आधी की बटण आधी. मला सगळं पाठ होतं. इतकं की तो शिंपी मला दिसलेलाच आहे असं मी आजवर धरून चाललो होतो. निळी बंडी, चष्म्याला दोरा.

शिंपी आला नाही. जे आलं त्याने कोटातल्या बाईला उचललं आणि पडदा काळा झाला. मी पुन्हा उतरलो. पुन्हा तसंच. नऊ वेळा. मग मी सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला. काय व्हायला हवं होतं: ‘जिन्याच्या वळणावर शिंपी दिसावा व त्याने माप घ्यावे.’ प्रत्यक्षात काय झालं: ‘फक्त कात्रीचा आवाज येतो, शिंपी गायब. नऊ वेळा करून पाहिले. चूक गंभीर.’ आणि खाली माझी तीच बेढब सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर फॉर्म वाचतात. थर्मासबाई वाचता वाचता थांबली. ‘कोणता शिंपी?’ मला वाटलं गंमत करतेय. मी म्हटलं, ‘आपला जिन्यावरचा. दुसऱ्या भागापासून आहे.’ उंट म्हणाला, ‘आणि धोबी?’ सगळे हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. मी सगळं सांगितलं, टाचण्या, काज, लांब हात. कोपऱ्यात एक पिकल्या दाढीचा माणूस बसतो, तो या मालिकेच्या गोष्टी लिहितो. पहिल्या भागापासून तोच. आम्ही त्याला गोष्टवाला म्हणतो, तो वर्षातून चार वाक्यं बोलतो म्हणे. तो म्हणाला, ‘असा कुणीही मी कधी लिहिलेला नाही.’

इथे कपाटात जुने सगळे भाग आहेत, जुना डबाही. जेवायच्या सुट्टीत मी दुसरा भाग लावला. जेवलो नाही. मग रोज सुट्टीत तेच. शिंपी नव्हता, ताई. कुठेच नव्हता. तिथे जे होतं ते तुला सांगायची गरज नाही, तू बघितलंयस. माझी मात्र पाचावर धारण बसली. त्या जुन्या ठोकळ्यांच्या चित्रातसुद्धा ते असं होतं की मी खुर्ची मागे सरकवली. कच कच हा आवाज त्याच्या जबड्याचा होता. आणि खरंच त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब होता, जमिनीवर फरफटणारा. अंगावर खरंच काही नव्हतं. तू थापा मारत नव्हतीस. तू समोर जे दिसत होतं तेच कापड घेत होतीस आणि माझ्यासाठी त्याला आतून अस्तर लावत होतीस, जागच्या जागी, ते अंगावर चालून येत असताना.

आता मी तपासणीवाला आहे, मला यातलं कळतं. तिसऱ्या भागातला तो तळघराचा तुकडा अकरा मिनिटांचा आहे, मधे कुठे थांबता येत नाही, एक दार चुकलं की पहिल्यापासून. मी चार सुट्ट्यांत चोवीस वेळा मेलो. उंट इथला सगळ्यात तरबेज, तोही सात वेळा. ती अकरा मिनिटं तू मला शिंप्याच्या मेहुणीचं लग्न सांगितलं होतंस! नवरदेवाच्या कोटाला तिसरी बाही कशी लागली ते! मी मागे हसत होतो, तुझी पाठ हलत होती माझ्या हसण्याने. आणि बोटं तिकडे धावत होती. एकदाही आवाज कापला नाही तुझा. जेव्हा मरायचीस तेव्हा म्हणायचीस, ‘आता सगळे जरा झोपले, आपण परत सकाळपासून.’ अकरा वर्षांची होतीस, ताई. तुला ‘मीट’ म्हणणारं कुणी नव्हतं.

मी ते सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. गोष्टवाला जेवणाचा डबा उघडून घास न घेता ऐकत होता. त्याने विचारलं, ‘काय करतात त्या?’ मी म्हटलं, लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. लिफ्ट बंद पडून आत माणूस अडकला की मेकॅनिक पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहते. त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, ‘विचारून बघ, शिंपी आम्हाला देतील का? सहाव्या मजल्यावर बसवू.’ मी तुला न विचारताच नाही म्हटलं. म्हटलं तो आमच्या घरचा आहे. चुकलं असेल तर कळव.

घरचा म्हटलं आणि मग मला बाकीचे आवाज आठवायला लागले. ज्या उन्हाळ्यात आपण तिसरा भाग खेळलो त्या उन्हाळ्यात आई आतल्या खोलीत होती. आतून कण्हण्याचा आवाज आला की तू टीव्ही मोठा करायचीस, आणि तरी आला की म्हणायचीस, शिंप्याचं मशीन कुरकुरतंय, तेल संपलंय. तुला आठवतंय का माहीत नाही, तू दुकानात गेली होतीस तेव्हा एका दुपारी मी डोक्याला लावायच्या तेलाची बाटली घेऊन आत गेलो होतो. मशीनला तेल घालायला. आईने बाटली घेतली, झाकण उघडलं, वास घेतला, आणि म्हणाली, ‘बरं झालं आणलंस. त्याला सांग, आता काज आधी करायला हरकत नाही.’ मी खूश होऊन बाहेर आलो. आज, अठरा वर्षांनी, या ऑफिसात, जुन्या गेमचा आवाज कानात असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काजांचं भांडण तिला कसं माहीत? ती आतून ऐकत होती. भिंतीच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला ती, आम्ही दोघंही तुझीच गोष्ट ऐकत पडलो होतो. तू हे जाणून होतीस का? म्हणून का तो शिंपी त्या उन्हाळ्यात एवढा बोलका झाला होता? आणि लाज अशी वाटते की आईला नक्की काय झालं होतं हे मी तुला आजवर विचारलेलं नाही. तू ‘आजारी होती’ म्हणालीस, मी ‘बरं’ म्हणालो असेन.

परवा मी सहावा मजला पार केला. युक्ती काही नाही. पळायच्या ऐवजी जागच्या जागी उभं राहून त्याच्याकडे बघत राहिलो. बघत राहिलं की दिसतं, ते डाव्या पायाने लंगडतं. वळणावर त्याला डावीकडे वळायला एक पाऊल जास्त लागतं. तेवढ्यात कठड्याच्या कडेने जाता येतं. उंटाने टाळी वाजवली. मला मात्र आपण जिंकलो असं काही वाटलं नाही. वाटलं ते असं, की इतकी वर्षं मी गावोगाव पळतोय, पायाला भिंगरी आहे म्हणून सगळे हसतात, मीही हसतो, पण एका जागी उभं राहून एखाद्या गोष्टीकडे मी कधी नीट बघितलेलंच नाही. बघायचं काम तू करायचीस.

आणि मग काल मी तुझा रविवारचा फोन शब्दन् शब्द आठवत बसलो. तुझी कारागिरी आता मला ओळखता येते. मी अस्तर उसवून बघितलं. रागावू नकोस. तू म्हणालीस डॉक्टरीणबाई इतक्या हौशी आहेत की शेजारच्या दोन डॉक्टरांनाही बोलावून दाखवलं. म्हणजे एकीला बघून समाधान झालं नाही, तीन लागले. तू म्हणालीस खिडकीजवळची खाट मिळणार, बाहेर झाडावर दोन खारी आहेत, एकीची शेपटी तोकडी. वाटाण्याएवढ्या गाठीसाठी कुणी आधीपासून खाट ठरवत नाही, आणि तोकड्या शेपटीची खार, ताई, ती सरळ शिंप्याच्या दुकानातून आलीये. तू म्हणालीस त्यांनी आईचीही चौकशी केली, किती आपुलकीने. तिथे मी थांबलो. आपुलकीने नाही विचारलं त्यांनी. आणि अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता, जणू काही दूधवाल्याचं सांगावं तसं म्हणालीस, कागदावर जवळच्या माणसाची सही लागते तिथे खालच्या काकूंना सांगून ठेवलंय.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू दोन मिनिटांत मला परत फिरवलं असतंस, आणि पत्राला मधेच तोडता येत नाही. आज गुरुवार, टपालात टाकतोय, तुला शनिवारी मिळेल. मंगळवारी दुपारच्या गाडीने मी पोचतो, तुझ्या गुरुवारच्या दोन दिवस आधी. थर्मासबाईला सांगितलं. ती म्हणाली, गेम बाहेर यायला पंधरा दिवस राहिलेत, करारात सुट्टी बसत नाही, खुर्ची राहील असं सांगता येत नाही. मग पेला पुसून तिच्या थर्मासातली कॉफी मला दिली, जी ती कुणालाच देत नाही, आणि म्हणाली, ‘जा.’ उंटाने आत्ताच माझ्या खुर्चीवर त्याची बॅग ठेवलीये आणि म्हणतो कुणी उचलली तर चावेन. तर असं. मी येईपर्यंत तपासणीचे सगळे कागद टेबलावर काढून ठेव. मी ते स्वतः वाचणार आहे, अडलेले शब्द डॉक्टरीणबाईंना विचारणार आहे, आणि तेव्हा तू मधे बोलायचं नाहीस. आईचंही सांग. जे होतं तेच सांग, अस्तर नको. मी घाबरणार, नक्कीच घाबरणार, कदाचित तुझ्यासमोर रडेनही. पण तिथेच बसून राहीन. आणि काकूंना सांग, त्यांचे उपकार आहेत, पण त्या कागदावरचं त्यांचं नाव आत्ताच्या आत्ता खोड आणि तिथे माझं लिही. नात्याच्या रकान्यात ‘भाऊ’. पूर्ण नाव लिही, माझं शाळेतलं.

तुझाच, आणि मंगळवारपासून तुझ्याच इथे मुक्कामाला,
भिंगऱ्या